शाळा आली पाळकाच्या दारी

डॉक्टरांना वैद्यकातील नव्या संशोधनाशी परिचय ठेवावा लागतो, वकिलांना बदलते कायदे अभ्यासावे लागतात, शिक्षकांसाठी उजळणी वर्ग भरतात. धर्मसेवेच्या क्षेत्रात मात्र एकदा दीक्षा झाली की शिक्षण संपले, असा समज बराच काळ रूढ होता. पंचविशीत सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरूंना घडविणाऱ्या महाविद्यालयातून, बाहेर पडलेला ख्रिस्ती पाळक पुढे पस्तीस-चाळीस वर्षे त्याच शिदोरीवर वाटचाल करीत असे.

दरम्यान त्याच्यापुढे बसणारी मंडळी बदलत जाते. नैराश्याने ग्रासलेला तरुण, कर्जाखाली दबलेला शेतकरी, अतिदक्षता विभागातील वडिलांचा कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवावा की नाही या पेचात सापडलेले कुटुंब अशी माणसे पाळकाकडे येतात. बायबलमधील वचनाचा शब्दार्थ विचारायला ती आलेली नसतात. ‘श्रद्धा वाढवा, औषधाची गरज नाही’ असा सल्ला एखाद्या पाळकाने नैराश्याच्या रुग्णाला दिला, तर त्या अज्ञानाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. धर्मसेवकांच्या निरंतर शिक्षणाचा प्रश्न म्हणूनच केवळ विद्वत्तेचा राहत नाही.

रोमन कॅथलिक चर्चने ही गरज नियमांतच नोंदविली आहे. १९८३ च्या कॅनन लॉ या धर्मविधिसंहितेतील २७९ व्या कलमानुसार धर्मगुरूंनी दीक्षेनंतरही आपला अभ्यास चालू ठेवला पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली धर्मगुरूंच्या जडणघडणीवर जे पत्र प्रसृत केले, त्यात या आजन्म शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अनेक प्रॉटेस्टंट पंथांतही पाळकांना अभ्यासासाठी रजा देण्याची पद्धत आहे. अडचण तत्त्वाची नाही, व्यवहाराची आहे. चार-पाच गावांच्या मंडळ्या सांभाळणारा पाळक दोन वर्षे शहरात जाऊन राहिला, तर त्या गावांतील उपासना, लग्ने आणि अंत्यविधी कोणी करायचे?

ग्वाटेमालातील धडा

या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटच्या कितीतरी आधी, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात शोधले गेले. तेथील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या सुमारे पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला, तेव्हा निष्कर्ष निराशाजनक निघाला. विद्यार्थी अनेक येऊन गेले होते, पण पाळक म्हणून मंडळ्यांत टिकून राहिलेल्यांची संख्या दहाच्या आसपासच होती. खेड्यांतून राजधानीत शिकायला आलेल्या अनेक तरुणांना पुन्हा खेड्यात परतणे नकोसे वाटे. उलट, गावात ज्यांचा शब्द मानला जाई अशी शेती-संसारात गुंतलेली प्रौढ माणसे सेमिनरीच्या वसतिगृहात येऊन राहणे शक्यच नव्हते.

सेमिनरी राजधानीतून ग्रामीण भागात हलविण्यात आली, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. तेव्हा राल्फ विंटर आणि जेम्स एमरी या अध्यापकांनी १९६३ साली क्रमच उलटा केला. विद्यार्थ्याने महाविद्यालयात यावे याऐवजी महाविद्यालयानेच विद्यार्थ्याकडे जावे, असे ठरले. पुढे रॉस किन्सलर हेही त्यांना येऊन मिळाले. विद्यार्थ्याने आठवडाभर घरी, आपले काम सांभाळून, स्वयंअध्ययनासाठी रचलेले पाठ वाचायचे आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर अध्यापकाला भेटून चर्चा करायची, असा हा क्रम होता. ‘थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन’ या नावाने ही पद्धत काही वर्षांतच लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियात पोहोचली. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची मूळ कल्पना या प्रयोगात आहे.

टेड वॉर्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने ही पद्धत समजावताना लाकडी कुंपणाचे उदाहरण दिले होते. कुंपणात वर-खाली दोन आडव्या दांड्या असतात आणि ठरावीक अंतरावर उभे खांब असतात. वरची दांडी म्हणजे पुस्तकातून मिळणारे ज्ञान आणि खालची म्हणजे रोजच्या कामाचा अनुभव. उभे खांब म्हणजे सहाध्यायी आणि अध्यापक यांच्या नियमित भेटी. खांब नसले तर दोन्ही दांड्या जमिनीवर पडतात, कुंपण उभे राहत नाही. कोणताही दूरस्थ अभ्यासक्रम पारखण्यासाठी ही साधी कसोटी आजही उपयोगी पडते.

सेरामपूर ते बंगळुरू

भारतात ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या, म्हणजेच थिऑलॉजीच्या, उच्च शिक्षणाची परंपरा हुगळीकाठच्या सेरामपूर महाविद्यालयापर्यंत मागे जाते. विल्यम कॅरे, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी ते १८१८ साली स्थापन केले. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी १८२७ मध्ये सनद देऊन या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार दिला आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने त्या व्यवस्थेला आधुनिक रूप आले. आज देशातील अनेक सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांपैकीच एक. वसतिगृहात न राहता ख्रिस्ती अध्ययनाची पदविका वा पदवी घेण्याची सोयही या सिनेटने बाह्य विद्यार्थ्यांसाठी केली.

ग्वाटेमालातील पद्धतीला भारतात संस्थेचे रूप मिळाले ते बंगळुरूमध्ये. तेथे १९७१ साली ‘टॅफ्टी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. नोकरी करणारे कारकून, शिक्षिका, परिचारिका आणि अभियंते संध्याकाळी एखाद्या चर्चच्या खोलीत एकत्र जमून तिचे धडे गिरवू लागले. पाळकांपुरते मानले जाणारे शिक्षण अशा रीतीने सामान्य श्रावकांपर्यंत पोहोचले. दीक्षेची दारे अनेक पंथांत बंद असलेल्या स्त्रियांनाही अभ्यासाचे दार उघडले गेले, हे विशेष.

इंटरनेटने काय बदलले?

इंटरनेटचा पहिला लाभ ग्रंथालयाचा झाला. बायबलच्या मूळ हिब्रू आणि ग्रीक संहिता, शब्दकोश आणि भाष्ये पूर्वी मोठ्या सेमिनरीच्या कपाटांतच सापडत. आता त्यांचा मोठा भाग मोबाइलवर वाचता येतो. येल विद्यापीठाने २००७ साली आपले काही वर्ग सर्वांसाठी खुले केले. त्यांत क्रिस्टिन हेज यांची जुन्या करारावरील चोवीस व्याख्याने होती आणि ती आजही विनामूल्य ऐकता येतात. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने ही सामग्री तालुक्याच्या गावातही आवाक्यात आली.

मान्यता देणाऱ्या संस्थांची भूमिकाही सैल होत गेली. अमेरिका व कॅनडातील सेमिनरींना मान्यता देणाऱ्या संघटनेने पाळकपदाच्या पदवीसाठी काही काळ संकुलात राहण्याची अट घातली होती. २०२० च्या नव्या निकषांत ती राहिली नाही. रोमने अधिक सावध पाऊल उचलले. धर्मपीठीय विद्यापीठांसाठी २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या नियमांनी अभ्यासक्रमाचा काही भाग दूरशिक्षणाने पूर्ण करण्यास मुभा दिली, तीही पूर्वमंजुरीच्या अटीवर. त्यानंतर २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि ऑनलाइन वर्ग घ्यावेत की नाहीत हा वादच काही काळ निरर्थक ठरला. त्या वर्षी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद होती. उपासना आणि अध्यापन दोन्हींसाठी पडद्याखेरीज मार्ग उरला नव्हता.

पडद्यावर न मावणारे

चर्चचा इतिहास, बायबलच्या भाषा आणि नीतिशास्त्रातील वाद हे विषय पडद्यावर उत्तम शिकविता येतात. मृत्युशय्येवरील माणसाजवळ गप्प बसणे मात्र असे शिकविता येत नाही. अँटन बॉयझन यांनी १९२५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी आणले. रुग्ण हेच जिवंत ग्रंथ आहेत, अशी त्यांची धारणा होती. त्यातून विकसित झालेल्या पद्धतीत विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण आठवून जसेच्या तसे लिहून काढतो आणि गटापुढे ठेवतो. आपण कोठे ऐकले नाही, कोठे घाईने उपदेश केला, हे त्याला सहाध्यायी दाखवितात.

गटाची ही चर्चा ऑनलाइन होऊ शकते, रुग्णाची भेट होऊ शकत नाही. सेवेत असलेल्या पाळकासाठी ऑनलाइन शिक्षण नवख्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक फलदायी ठरण्याचे कारणही येथेच सापडते. नवख्याजवळ फक्त वरची दांडी असते. पाळकाजवळ अनुभवाची खालची दांडी आधीच असते. सकाळी अंत्यविधी केलेला पाळक संध्याकाळी शोकाच्या मानसशास्त्रावरील व्याख्यान ऐकतो, तेव्हा प्रत्येक वाक्याला त्याच्यापाशी एक चेहरा असतो. त्याला उणीव असते ती खांबांची, म्हणजे आपला अनुभव ज्यांच्यापुढे मोकळेपणाने तपासता येईल अशा सोबत्यांची. नुसती ध्वनिचित्रफीत पाहून आणि शेवटी प्रश्नपत्रिका सोडवून ती उणीव भरून निघत नाही.

मराठीचा प्रश्न

महाराष्ट्रात आणखी एक अडथळा आहे, तो भाषेचा. ऑनलाइन उपलब्ध असलेली उत्तम सामग्री बहुतांशी इंग्रजीत आहे. ग्रामीण भागातील पाळक प्रवचन मराठीत देतो आणि मंडळीचे दुःखही मराठीतच ऐकतो. इंग्रजीतून शिकलेली परिभाषा त्याला व्यासपीठावर उपयोगी पडत नाही. वास्तविक या क्षेत्रातील मराठीची परंपरा मोठी आहे. कॅरे यांचे मराठी व्याकरण सेरामपूरहून १८०५ मध्ये, शब्दकोश १८१० मध्ये आणि नव्या कराराचे भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंनी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते प्रकाशित झाले. केडगावात मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत केलेले ते अध्ययन म्हणजे निरंतर शिक्षणाचा मराठीतील श्रेष्ठ दाखलाच होय. तंत्रज्ञान एवढे सुलभ झाल्यावर मराठी अभ्यासक्रम सिद्ध करण्यात खरी अडचण यंत्रसामग्रीची नसून ते लिहिणाऱ्या अध्यापकांची आहे.

पदवी की पाटी?

सुलभतेबरोबर फसवणूकही आली आहे. काही आठवड्यांत, शुल्क भरताच ‘डॉक्टर’ ही उपाधी देणाऱ्या संकेतस्थळांची या क्षेत्रात वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. चर्चच्या अंतर्गत वापरासाठी प्रमाणपत्र देण्यात गैर काही नाही, मात्र संस्थेने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता कोणाची, अध्यापक कोण, गृहपाठ कोण तपासतो आणि सहाध्यायांशी नियमित भेट होते काय, एवढे चार प्रश्न विचारले तरी बरेचसे धुके निवळते.

अभ्यासक्रमाचे यश अखेर प्रमाणपत्रांच्या संख्येवर ठरत नाही. पाळकाने गुण किती मिळविले याच्याशी मंडळीला कर्तव्य नसते. नैराश्याने ग्रासलेला तरुण दारात उभा राहिला असता पाळक त्याचे शांतपणे ऐकून घेतो काय, त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याचबरोबर त्याला डॉक्टरकडेही नेतो काय, यावर त्या शिक्षणाची परीक्षा होते. शाळा पाळकाच्या दारी आली ती त्याला मंडळीपासून दूर जावे लागू नये म्हणून. मंडळीच्या दुःखाशी नाते न जोडणारा अभ्यासक्रम पाळकाच्या घरात बसून पुरा झाला, तरी तो ग्वाटेमालातील जुन्या वसतिगृहाइतकाच दूरचा ठरेल.