माळढोक आणि खवले मांजर: यादी एक, दुखणी दोन

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आहे आणि खवले मांजरही. म्हणून दोघांवर उपायही एकच, ‘जंगल वाचवा, झाडं लावा’, असं समजणारे पुष्कळ आहेत. माळढोकाच्या बाबतीत ही समजूत घातकच ठरते.

माळढोकाला झाडी नकोच असते. त्याला हवा उघडा माळ: गवत, तुरळक झुडपं, नाकतोडे आणि लांबवर पोचणारी नजर. सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरलेली जमीन हेच त्याचं घर. तिथं रोपं लावली की तो बेघर झाला. सोलापूरच्या नान्नज परिसरात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तरी आज देशात उरलेल्या जेमतेम दीडशेच्या आसपास पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत.

तो शहामृगाचा भाऊबंदही नव्हे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, पण चांगला उडतो, आणि तिथंच घात होतो. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं समोरच्या विजेच्या तारा उशिरा दिसतात आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. त्यात मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

खवले मांजराला लोक घोरपडीच्या गोतात बसवतात. ते सस्तन आहे. खवले आपल्या नखांसारखे केराटिनचे. मांजराशी नातं आहे, पण फार दूरचं. त्याचा गण फोलिडोटा, आणि तोंडात दात एकही नाही. मुंग्या-वाळवी चिकट जिभेनं टिपून ते पोटात दळतं. कोकणात ते रानात राहतं, तसं वाडीच्या आसपासही फिरतं. पण रात्री, त्यामुळे मोजणार कसं?

खवल्यांत औषधी गुण असल्याचा पुरावा नाही, तरी तस्करी त्यांच्यासाठीच होते. अंगाचं वेटोळं केलं की बिबट्याचे दातही चालत नाहीत. माणूस मात्र ते वेटोळं सरळ पोत्यात भरतो. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साईट्स’ कराराच्या सदस्य देशांनी २०१६ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय घेतला.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत माळढोक २०११पासून अतिसंकटग्रस्त, खवले मांजर एक पायरी खाली, संकटग्रस्त. खालची पायरी म्हणजे निवांतपणा, असं कुणी समजू नये. खवले मांजरासाठी गावात खबर देणारे हवेत; माळढोकाच्या वाटेवरच्या तारा मात्र कितीही पहारेकरी नेमले तरी जमिनीखाली जाणार नाहीत.