कलम बांधणारे हात कुठे गेले?

उल्हासनगरचे नाव निघाले की व्यापाऱ्याला फर्निचर आठवते, जीन्स आठवते. रोपे कोणाला आठवत नाहीत. पण कॅम्प 5 मधून अंबरनाथ, बदलापूरच्या बाजूला निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीखाली मांडलेल्या कुंड्या दिसतातच. बदलापुरात इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक घराच्या गॅलरीत तुळस हवी, मोगरा हवा, मनी प्लँट हवा. गिऱ्हाईक आहे, मग धंद्यात बरकत का नाही, हे पाहण्यासाठी आम्ही एक दिवस या पट्ट्यात फिरलो.

जिथे गेलो तिथे आम्ही पहिला प्रश्न एकच विचारला, हे रोप तुमच्या हातचे का? उत्तरही बहुतेक ठिकाणी एकच मिळाले. शोभेची झाडे आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात, गुलाब आणि बाकीचा माल पुण्याकडून. लॉरीचे भाडे, हमाली, वाटेत सुकलेला माल आणि दलालाचा हिस्सा वजा केला की हातात काय राहते ते एका दुकानदाराने आम्हाला बोटांवर मोजून दाखवले. बोटे लवकर संपली. थोडक्यात, आपला माणूस नर्सरी चालवत नाही, रोपांचे किरकोळ दुकान चालवतो.

या धंद्याचे अर्धे शब्द ज्या भाषांतून आले, त्या आपल्या कानाला परक्या नाहीत. बाग, बगीचा, गुलाब फारसीतून आले. कलम हा शब्द अरबी. लिहिण्याची लेखणीही कलम आणि झाडावर बांधतात तेही कलम. बागवान म्हणजे मुळात बाग राखणारा. आज आपले बागवान बांधव मंडईत फळे विकताना दिसतात, झाडाजवळ क्वचितच. हे दोष म्हणून लिहीत नाही, पण हुन्नर हातातून गेला हे खरे.

स्वतः रोप तयार करण्यात फायदा किती, याचा एक हिशेब अनेकांना माहीत नाही. नर्सरीत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे उत्पन्न मानावे, असा खुलासा 2008 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातला. म्हणजे बी पेरून, फांदी लावून, कलम बांधून वाढवलेल्या रोपाला ही सवलत आहे. तयार माल आणून विकला तर तो साधा व्यापार. सोसायटीच्या बागेची देखभाल करण्याचा ठेकाही त्यात बसत नाही. तसेच जिवंत रोपावर जीएसटी नाही, पण प्लॅस्टिकच्या वा सिमेंटच्या कुंडीवर आहे. तेव्हा बिलात रोप आणि कुंडी वेगवेगळी लिहावीत. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवून आपल्या हिशेबनिसाला एकदा दाखवाव्यात.

आता जांभळाकडे येऊ. 2023 च्या अखेरीस बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले. कॅम्प 5 पासून हे गाव किती लांब? लोकलने काही मिनिटे. मानांकनानंतर अस्सल बदलापुरी जांभळाचे कलम मागणारे लोक येऊ लागले, असे आम्हाला दोन नर्सऱ्यांत सांगण्यात आले. त्यांना काय दिले जाते? बहुधा बियांपासून उगवलेले रोप. दुकानदारही खोटे बोलत नसतो, त्याला स्वतःलाच माहीत नसते. बियांचे रोप आईच्या गुणाचे निघेलच असे नाही आणि फळ धरायला आठ-दहा वर्षे घेते. कलम त्याच्या बरेच आधी धरते आणि ज्या झाडाची काडी असेल त्याच झाडाचे फळ देते. पिशवीत दोन्ही सारखीच दिसतात. बुंध्याशी जोडाची गाठ आहे का, एवढे गिऱ्हाईकाने पाहावे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही जुनी थट्टा शर्टाच्या बाबतीत चालून गेली. झाडाची लबाडी आठ वर्षांनी उघडी पडते, तेव्हा गिऱ्हाईकाने जमीन आणि उमेद दोन्ही गमावलेली असतात.

शिवाय मानांकन त्या भागात पिकलेल्या फळाला आहे. बदलापूरच्या झाडाचे कलम नाशिकला लावले म्हणून तिथले फळ बदलापूरचे होत नाही. ते नाव वापरून फळ विकायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. फळझाडांची रोपे विकण्यासाठी कृषी विभागाचा परवाना लागतो, त्याचा कायदा 1969 पासून आहे. रस्त्याकडेच्या किती जणांकडे तो आहे, हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते.

जागेची अडचण मोठी आहे. रस्ता रुंद झाला की नर्सरी उठते. नदीकाठी जागा स्वस्त मिळते, पण 26 जुलै 2005 ला आणि जुलै 2019 मध्ये, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा, उल्हासचे पाणी कुठवर आले होते ते आधी गावात विचारून घ्यावे. वालधुनीच्या पाण्यावर तर रोप जगवण्याचा विचारच करू नये. अंबरनाथपासून खाली त्या पाण्यात कारखान्यांचे काय काय उतरले आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

गच्चीवरच्या बागेचे काम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. एक घनफूट ओली माती चाळीस-पन्नास किलो भरते. जुन्या इमारतीवर सिमेंटच्या कुंड्यांची रांग लावण्यापूर्वी इंजिनिअरचा सल्ला घ्यावा, नाही तर कोकोपीट आणि शेणखताचे हलके मिश्रण वापरावे. त्यात कमाई थोडी कमी असेल, पण झोप शांत लागेल.

परत येताना एका वयस्कर कारागिराची भेट झाली. तरुणपणी त्यांनी कोकणात आंब्याची कलमे बांधली होती. शिकायला कोणी येते का, असे विचारले. म्हणाले, ‘मुले येतात, चाकू बघतात, दोन दिवसांनी डिलिव्हरीच्या कामाला लागतात. मी त्यांना दोष देत नाही. रोज पैसे कोण देणार?’ कलम बांधल्यावर ते लागले की नाही हे कळायला आठवडे जातात आणि त्याआधी बियांचे रोप काडीएवढे जाड होईपर्यंत सांभाळावे लागते. तोवर उस्तादाचे आणि शागिर्दाचे घर कशावर चालायचे?

आमच्या मते चार-पाच दुकानदारांनी मिळून एक कारागीर आणि दोन मुले वर्षभर पगारावर ठेवावीत. जांभळाची बी सुकली की उगवत नाही, फळ खाल्ल्यावर काही दिवसांतच पेरावी लागते. म्हणून जूनमध्ये बाजारात जांभूळ असतानाच बिया गोळा कराव्यात आणि त्याच वेळी ज्यांच्या झाडाचे फळ उत्तम, त्या बदलापूरच्या बागायतदारांशी काडीचा दर ठरवून घ्यावा. त्या म्हाताऱ्या कारागिराने आपला चाकू आम्हाला दाखवला. धार अजून ठीक होती.