ताकद आणि तारतम्य

मोटारीची थोरवी कशात मोजायची? अमेरिकेत एके काळी या प्रश्नाला एकच उत्तर होते : इंजिनात. जेवढे इंजिन मोठे, तेवढी गाडी मोठी आणि तेवढाच तिचा मालकही मोठा! १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने आणलेली ‘जीटीओ’ ही या समजुतीची पट्टराणी. अशा गाड्यांना ‘मसल कार’, म्हणजे पीळदार दंडांच्या गाड्या, हे नाव पडले ते उगीच नव्हे.

तिचा जन्मच मुळी पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६.४ लिटरचे इंजिन ‘जादा सोय’ म्हणून विकायला काढले. दंडक गाडीला होता, जादा सोयीला नव्हता! पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

ही चैन दहा वर्षे टिकली. १९७० च्या कायद्याने गाड्यांच्या धुराला वेसण घातली. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव जवळजवळ चौपट झाला. १९७४ साली जुनी जीटीओ संपली.

त्याच सुमारास जपानहून आलेली होंडा सिव्हिक मूळ धरत होती. तिच्या सीव्हीसीसी इंजिनात मुख्य ज्वलनकक्षाला जोडून एक चिमुकला कक्ष असे. ठिणगी तिथे पडे. तिथले मिश्रण दाट, म्हणून ते चटकन पेटे आणि ती ज्योत मोठ्या कक्षातले विरळ मिश्रण पेटवी. इंधन पुरेपूर जळे, विषारी वायू कमी निघत. १९७५ ची सिव्हिक त्या वर्षीच्या कसोटीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय उतरली. ही युक्ती छोट्या गाड्यांपुरतीच, असे म्हणणाऱ्यांसाठी होंडाने शेवरलेची भलीथोरली इम्पाला घेतली आणि तिच्या व्ही-८ इंजिनावरही ती करून दाखवली.

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे ६४ ची जीटीओ आहे आणि अलीकडची एक सिव्हिकही. दोन्हींत मी बसलो आहे. जीटीओ सुरू झाली की आधी छाती हादरते, मग कान! बॉनेट उघडले की सगळे यंत्र डोळ्यांसमोर. भाचा रविवारी पाने-पक्कड घेऊन बसतो आणि कार्बुरेटर स्वतः जुळवतो. सिव्हिकचे बॉनेट उघडावे, तर समोर प्लॅस्टिकचे झाकण. काय बिघडले ते कळायलाही संगणक लागतो. हा तोटा खरा आहे.

त्याच्या मुलीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळाले, तेव्हा तिने जीटीओचाच हट्ट धरला. ‘‘मामाआजोबा, तुम्ही तरी सांगा ना बाबांना!’’ मी तिची बाजू घेतली नाही. खांद्यावरून येणारा पट्टा नाही, एअरबॅग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि समोरून धडक बसली तर न दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा. भाच्याने मुकाट्याने सिव्हिकची किल्ली तिच्या हातावर ठेवली. गाडी घसरू लागली, तर तिचा संगणक एकेका चाकाला नेमका ब्रेक लावून तिला सावरतो. २०१२ च्या मॉडेलपासून ही सोय अमेरिकेत सर्वच नव्या मोटारींना सक्तीची आहे.

आणि ताकदीचे म्हणाल, तर तिथेही चित्र पालटले आहे. जीटीओची ३२५ अश्वशक्ती त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुटे इंजिन बाकावर ठेवून मोजलेली. रस्त्यावर ती बरीच कमी भरे. २०२३ च्या सिव्हिक टाइप आर या गाडीचे दोन लिटरचे इंजिन ३१५ देते, तेही आजच्या कडक मोजणीने.

म्हणून मला वाटते, जुन्या गाडीचे कौतुक जरूर करावे, तिला पुसूनपासून जपावे. पण तिला सावरण्याची सगळी अक्कल चालवणाऱ्याच्या पायात असावी लागे, आणि सोळाव्या वर्षी ती किती जणांकडे असते? नव्या गाडीने ताकदीच्या जोडीला तारतम्य आणले. आपले मूल चाकामागे बसते, तेव्हा बाप तेच आधी मागतो.