घाट चालू आहे का? : प्रौढ विद्यार्थी आणि माहितीचा शोध

(आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पाऊस लागलेला असताना पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचं, तर आपण आधी काय विचारतो? "घाट चालू आहे का?" २०२१ च्या जुलैमध्ये दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता, ते आपण विसरलेलो नाही. तर आपण बातमी बघतो, मोबाइलवर नकाशा बघतो, आणि शेवटी वरून नुकत्याच उतरलेल्या ड्रायव्हरला विचारतो. तो हो म्हणाला की मग गाडी काढतो. म्हणजे माहिती कशी शोधावी, कोणाची धरावी, हे आपल्याला चांगलं कळतं. मग हीच माणसं चाळिशीत पुन्हा शिकायला बसली की पडद्यासमोर का गांगरतात?

साधनांची आता वाण नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, ते 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आता 'उल्लास' आहे, त्याचंही अ‍ॅप आहे. शिक्षण घरात आलं, मग खिशात आलं. अडतं ते दुसरीकडेच.

पहिली अडचण प्रश्नाची. समजा, बचतगटाची वही सांभाळणारी एक बाई बी.कॉम. करते आहे. गटाने तीन वर्षांपूर्वी शिलाई मशीन घेतली. हिशेबात आज तिची किंमत काय धरायची, हा तिचा प्रश्न. ती मोबाइलवर लिहिते, 'जुन्या शिलाई मशीनची किंमत'. समोर काय येतं? जुन्या मशीन विकणाऱ्यांच्या जाहिराती! तिला हवा होता तो शब्द 'घसारा'. पण तो शब्द माहीत असता, तर अर्धं उत्तर हाताशीच होतं, नाही का? जे ठाऊक नाही ते शोधायचं कसं, हा प्लेटोच्या 'मेनो' संवादातला पेच इथे येऊन उभा राहतो.

अमेरिकेतले ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी नुसती आतली रुखरुख, मग मनात जुळलेला अस्पष्ट प्रश्न, मग नीट मांडलेला प्रश्न, आणि शेवटी समोरच्या साधनाला कळेल असा मुरड घातलेला प्रश्न. चांगला ग्रंथपाल किंवा समंत्रक "कशासाठी हवंय?" असं उलट विचारून माणसाला पहिल्या पायरीपर्यंत मागे नेतो. शोधयंत्र चौथी पायरीच धरून बसतं. आता बोलणारी यंत्रंही आली आहेत. पण बाईंच्या गटाची वही काही त्यांनी पाहिलेली नसते.

दुसरी गोष्ट, शोधण्याच्या रीतीची. मार्शिया बेट्स या विदुषींनी १९८९ मध्ये म्हटलं की माणूस एका ठिकाणी सगळं उत्तर मिळवत नाही, रानात फळं वेचावीत तसा वेचत जातो. आपण करवंदं काढतो तसंच म्हणा ना! या जाळीतली चार, त्या जाळीतली चार. प्रौढ माणसाला तर रात्री जेवणं आटपल्यावर अर्धा तास मिळतो. थोडं व्हिडिओतून, थोडं पुस्तकातून, थोडं मैत्रिणीकडून. त्यात प्रश्नही बदलतो : 'किंमत काय'चं 'घसारा म्हणजे काय' होतं, मग 'तो दरवर्षी किती धरायचा'. याला गोंधळ समजू नका, शोध असाच चालतो. फक्त वेचलेलं ठेवायला टोपली हवी. एक वही करा, आणि प्रत्येक गोष्ट कुठे मिळाली तेही लिहा.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, विश्वासाची. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण तो 'आप्ता'चा शब्द असला तर. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे! ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतात की ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ, कसोटी एकच. घाटाबाबत आपला ड्रायव्हर आप्त आहे. परीक्षेच्या तारखेबाबत तो आप्त नाही. आणि घाटाबाबतही त्याचं कालचं उत्तर आज चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'परीक्षा पुढे ढकलली' असं येतं, तेव्हा आपण हे विसरतो. ज्याने पाठवलं तो जवळचा, म्हणून खरं मानतो. त्यात एखाद्याचं वर्ष जातं, फी जाते, आणि "या वयात कशाला हे?" म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. मग ती व्यक्ती पुन्हा विचारत नाही. खरं नुकसान हे आहे.

हाच घाट चढून पलीकडे गेलं की वाई. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. आज तो मोबाइलवर फुकट वाचता येतो. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणजे कोण सांगतंय ते कळतं. पण जुन्या नोंदीतला आकडा आजचा समजू नका. तिथेही काळ बघायचा.

तेव्हा शिकणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, आणि कधीचं आहे. शिकवणाऱ्यांनी उत्तर द्यायच्या आधी एकच विचारावं, "कशासाठी हवंय?"

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. अर्धवट असले तरी चालतील.