गरुड गेला आणि खोकडे मेली

कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे. खोकड आकाराने लहान, शेपटी झुपकेदार. आपल्याकडच्या माळावरही ते असते. पण मी लिहिले आहे ते लांबच्या खोकडाविषयी.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याजवळ समुद्रात सहा बेटांवर ही खोकडे राहतात. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. प्रत्येक बेटाची पोटजात निराळी. वजन दोन किलोच्या आसपास, म्हणजे मांजराएवढे पण नाही! एका बेटाचे नाव सांताक्रूझ आहे. (मुंबईचे सांताक्रूझ नव्हे.)

सांताक्रूझ बेटावर सुमारे दीड हजार खोकडे होती. सन २००० च्या सुमारास शंभरसुद्धा उरली नाहीत. शेजारच्या सान मिगेल बेटावर तर साडेचारशेची फक्त १५ झाली. असे का झाले? गंमत म्हणजे कोणी त्यांची शिकार केली नव्हती.

पूर्वी तिथे पांढऱ्या डोक्याचा गरुड राहायचा. तो मासे खायचा, खोकडांच्या वाटेला जात नसे. मग कारखान्याची डीडीटी समुद्रात गेली. माझी आजी सांगते, पूर्वी डासांसाठी घरोघर डीडीटी फवारायचे, तीच ही. डीडीटी माशांच्या पोटात गेली, माशांतून गरुडाच्या पोटात. त्याच्या अंड्यांचे कवच इतके पातळ झाले की मादी उबवायला बसली की अंडे फुटायचे. अशाने ते गरुड बेटांवरून संपले. मग १९९० नंतर सोनेरी गरुड आले. माणसांनी नेलेली डुकरे बेटावर मोकाट सुटली होती. त्यांची पिल्ले खायला मिळाली म्हणून हे गरुड तिथेच राहिले आणि खोकडेही उचलू लागले. खोकडांना वरून कोणी येईल हे माहीतच नव्हते. ती भर दुपारी उघड्यावर हिंडायची.

मग तिथल्या लोकांनी काही खोकडे पिंजऱ्यात ठेवून पिल्ले वाढवली. सोनेरी गरुड जिवंत पकडून लांब नेऊन सोडले. २००२ पासून पांढऱ्या डोक्याचे गरुड परत आणले. पाच हजारांहून जास्त डुकरे मारली. मला डुकरांचे वाईट वाटले, कारण ती काही पोहत बेटावर गेली नव्हती.

२००४ साली चार पोटजाती संकटात आहेत असे सरकारने जाहीर केले होते. त्यांतल्या तीन पोटजातींची नावे २०१६ साली यादीतून काढली, इतकी खोकडे वाढली. चौथी सांता कॅटालिना बेटावरची. तिथे गरुडाने नाही, कुत्र्यांना होतो त्या रोगाने खोकडे मेली होती, म्हणून आता त्यांना लस टोचतात.

काही खोकडांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा असतो. खोकड बराच वेळ हलले नाही तर पट्ट्याची खूण बदलते, मग माणसे शोधायला निघतात.