रक्तदाब, स्वभाव आणि स्मृती

सोलापूरच्या पूर्व भागातील विणकराचे घर असो अगर मोहोळ-मंगळवेढ्याकडील शेतकऱ्याचे, कुटुंबातील वयस्क माणसासंबंधी एक गाऱ्हाणे वरचेवर ऐकू येते. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेले गृहस्थ आता किरकोळ देण्याघेण्यात चुकतात. कोणाला कधी उणा शब्द न बोललेली आजी लहानसहान गोष्टीवरून संतापते. एकादशीचे भजन न चुकविणारे आजोबा घराबाहेर पडण्यासच कंटाळतात. "वय झाले" किंवा "स्वभाव हेकट झाला" असे म्हणून घरची मंडळी विषय संपवितात. अशा व्यक्तीचा रक्तदाब किती वर्षांपासून वाढलेला आहे, गोळ्या नियमित चालू आहेत की मध्येच सोडल्या, ही चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः या दोन गोष्टींचा निकटचा संबंध असू शकतो. तो वेळीच ओळखला, तर पुढील हानी पुष्कळ अंशी टाळता येते.

राग आणि रक्तदाब

"माझे बीपी वाढवू नका" हे वाक्य आता मराठी संभाषणात रूढच झाले आहे. तापट माणसाला रक्तदाबाचा विकार असणारच आणि शांत माणसाला तो होणार नाही, असा समज त्यामागे आहे. मनात दडपलेला क्रोध हे उच्च रक्तदाबाचे कारण असावे, अशी उपपत्ती फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने १९३९ मध्ये मांडली होती. पुढील संशोधनातून मात्र रक्तदाबाच्या रुग्णांचा असा एकच ठराविक स्वभाव सिद्ध झाला नाही. रागाच्या भरात रक्तदाब काही काळ चढतो हे खरे. परंतु तो पुन्हा खाली येतो. सतत चढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणूनच अत्यंत शांत स्वभावाच्या व्यक्तीनेही तो मोजून घेणे अगत्याचे आहे.

लोकांच्या समजुतीत स्वभाव हे कारण आणि रक्तदाब हा परिणाम आहे. याची उलट बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. दीर्घकाळ वाढलेला रक्तदाब मेंदूवर परिणाम करून माणसाचा स्वभावच पालटू शकतो.

मेंदूमध्ये काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याच्या खोल भागात रक्त नेणाऱ्या रोहिण्या अतिशय बारीक असतात. वर्षानुवर्षे जादा दाब सोसल्यामुळे त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि आतील मार्ग अरुंद होतो. कालव्याचे पाणी जसे शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही, तसे रक्त मेंदूच्या त्या भागांना अपुरे पडू लागते. काही ठिकाणी लहान लहान जखमा होतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात, की हात लुळा पडत नाही आणि तोंडही वाकडे होत नाही. रुग्णाला आणि घरच्यांना त्यांचा पत्ताही लागत नाही.

मेंदूचा अग्रभाग आणि खोल भाग यांना जोडणारे तंतू या हानीत विशेष सापडतात. बेत आखणे, कामाचा क्रम लावणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे आणि रागावर लगाम ठेवणे ही कार्ये या जोडणीवर अवलंबून असतात. त्यामुळे प्रारंभी स्मरणशक्तीपेक्षा विचारांचा वेग मंदावतो. माणूस निरुत्साही होतो, चटकन चिडतो किंवा रडू लागतो. घरच्यांना तो आळशी अथवा हट्टी वाटतो. त्याच्या वागण्यामागे आजार आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याला बोल लावले जातात आणि घरातील दुरावा वाढत जातो.

संशोधनाचा निष्कर्ष

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या आरोग्याची नोंद ठेवली जात आहे. ज्यांचा रक्तदाब उपचाराविना वाढलेला होता, त्यांची बौद्धिक क्षमता १२ ते १४ वर्षांनंतरच्या चाचण्यांत कमी आढळली, असे या नोंदींच्या आधारे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे वार्धक्यात दिसणाऱ्या ऱ्हासाची सुरुवात मध्यम वयातच झालेली असू शकते.

उपचाराने हा ऱ्हास रोखता येतो काय, याचे उत्तर अलीकडे मिळू लागले आहे. अमेरिकेतील ९,३६१ व्यक्तींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट ज्या गटासाठी होते, त्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र पूर्ण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीतील फरक निर्विवाद ठरण्याइतका नव्हता.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने चीनमधील प्रयोग अधिक बोलका आहे. तेथील ३२६ खेड्यांतील ४० वर्षांवरील सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांचा त्यात समावेश होता. निम्म्या खेड्यांत प्रशिक्षित ग्रामवैद्यांनी औषधे सुरू करणे, त्यांची मात्रा ठरविणे आणि पाठपुरावा ठेवणे ही कामे केली. चार वर्षांनंतर या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे यश मोठ्या रुग्णालयांतून नव्हे, तर गावातील नियमित मोजणी आणि नियमित गोळी यांतून मिळाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुंबईतील एक अध्याय

रक्तदाबाच्या उपचाराशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांत पडताळून १९४९ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष त्यामुळे या वनस्पतीकडे वेधले गेले आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. सर्पगंधेपासून बनविलेल्या औषधाने काही रुग्ण खिन्न व मंद झाल्याच्या नोंदीही पुढे झाल्या. आज त्याहून सोयीची अनेक औषधे उपलब्ध आहेत. तथापि त्या अनुभवातील धडा कायम आहे. औषध सुरू झाल्यावर मनःस्थितीत अथवा वागणुकीत बदल वाटला, तर तो डॉक्टरांना सांगावा. गोळी परस्पर बंद करू नये. अतिवृद्ध व्यक्तींचा रक्तदाब फार उतरला तर घेरी येऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून मात्राही डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

गावपातळीवरील कर्तव्य

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी असे शासनाचे धोरण असून, उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही सोय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या नोंदी १४०/९० किंवा त्याहून अधिक असतील, तर उपचाराबाबत सल्ला घ्यावा.

दिवसाकाठी मिठाचे प्रमाण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, याहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोलापूरच्या कडक भाकरीला कोणाची हरकत नाही. सोबतची शेंगा चटणी, लोणचे व पापड यांतील मीठ मात्र हिशेबात धरले पाहिजे. विडी व मिश्री सोडणे हितावह आहे. आषाढी वारीला पायी निघणाऱ्यांनी पडशीत तितक्या दिवसांच्या गोळ्या आठवणीने ठेवाव्यात. "आता बरे वाटते" म्हणून गोळी सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. बरे वाटते ते गोळी चालू असल्यामुळेच.

प्रत्येक विसराळूपणा रक्तदाबामुळेच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, औदासीन्य व मद्यपान यांनीही असेच होते. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या कामगाराला ऐकू कमी येत असेल, तर तोही विसराळू वाटतो. या कारणांवर बहुधा उपाय करता येतो, म्हणून तपासणी आवश्यक आहे. अधिक चौकशीची गरज भासल्यास सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णास पाठविता येते. बोलणे वा वागणे एकाएकी बदलले, तोंड वाकडे झाले किंवा हातातील शक्ती गेली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानसिक त्रासाबाबत सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक उपलब्ध आहे.

ग्रामसभेच्या दिवशी रक्तदाब तपासणी ठेवणे, गोळ्यांचा साठा संपत आल्यास आरोग्य केंद्राकडे पाठपुरावा करणे आणि एकाकी वृद्धांकडे आशा कार्यकर्तीची भेट होते की नाही हे पाहणे, ही कामे पंचायत सदस्यांना सहज करता येतील. शिक्षकांनी आजी-आजोबांच्या गोळीची वेळ सांभाळण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. शासकीय कचेरीत एखादा वृद्ध तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर कर्मचाऱ्याने त्रासून जाण्याऐवजी उत्तर लिहून द्यावे आणि सोबतच्या नातेवाइकास रक्तदाबाची चौकशी करण्यास सुचवावे. वडीलधाऱ्यांच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तर अनेक घरांतील कटुता टळेल.