हवेचा घाव

रोटरी हॅमर भिंतीवर जो घाव घालतो, त्यामागची ताकद हवेची असते. मोटरवरचे गिअर एका दट्ट्याला नळीत पुढे-मागे हलवतात. नळीत त्याच्यापुढे एक पोलादी ठोकळा मोकळा असतो आणि दोघांच्या मध्ये थोडी हवा कोंडलेली असते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा खाली रेटला की तो उसळून वर येतो. तीच उसळी इथे ठोकळ्याला पुढे फेकते. ठोकळा एका आखूड दांडीवर आदळतो आणि दांडी बिटच्या बुडावर. दोन किलोंच्या आगेमागे वजनाच्या मशीनमध्ये हे मिनिटाला चार हजारांच्या आसपास वेळा घडतं आणि बिट फिरतही राहतं.

घरोघरी असतं ते चावीच्या चकचं इम्पॅक्ट ड्रिल वेगळं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, त्यामुळे माणूस जेवढा रेटा देईल तेवढाच ठोका बसतो. त्यावर हात बसलेला माणूस रोटरी हॅमर हातात आला तरी छातीचा जोर लावून रेटत राहतो. माझ्या मते या मशीनचं निम्मं नुकसान तिथेच होतं. बिट भिंतीला टेकून किंचित दाबलं की ठोके सुरू होतात. तेवढा दाब पुरे. त्याहून जास्त रेटलं की भोक लवकर पडत नाही. मोटर तापते, बिट अडकतं आणि सगळे हादरे कोपरापर्यंत चढतात.

विजेवर चालणारं हातातलं ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ मध्ये बनवलं. बॉशचा हॅमर १९३२ मध्ये आला, लिश्टेनश्टाइनच्या हिल्टीचा टीई १७ १९६७ मध्ये. १९७० च्या दशकात बॉशनं एसडीएस पद्धतीची बिटं आणली आणि चक आवळण्याची कटकट संपली. आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनच्या पिशवीतलं बिट बहुधा एसडीएस प्लस असतं. त्याचं बूड १० मिलिमीटरचं आणि त्यावर चार खाचा. दोन उघड्या खाचा बिट फिरवतात, दोन बंद खाचांत होल्डरच्या गोळ्या अडकतात. बिट आत घट्ट नसतं, पुढे-मागे सरकतं. ते ढिलं वाटतं म्हणून घाबरायचं कारण नाही, ठोका पोहोचायला ती मोकळीक लागतेच.

मात्र हे सरकणं कोरडं नको. बिट लावण्याआधी बूड फडक्यानं पुसून त्यावर थोडं ग्रीस लावायचं. धूळ लागलेलं कोरडं बूड होल्डर झिजवत नेतं. पुढचं रबरी टोपण फाटलं असेल तर लगेच बदलावं, नाहीतर छतात भोक पाडताना सगळा चुरा मशीनमध्ये उतरतो. गिअरबॉक्सचं ग्रीस वेगळं आणि ते कंपनीनं सांगितलं तेवढंच. जास्त भरलं तर ठोके मंदावतात. मशीन फिरतं पण ठोकत नाही, असं झालं तर बहुतेकदा आतल्या रबरी रिंगा झिजलेल्या असतात, आणि हवा निसटली की घावही गेला. मोटरचे कार्बन (ब्रश) बदलणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. मागच्या फटीतून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, मशीन अडखळू लागलं, की कार्बन पाहावेत आणि दोन्ही एकदम बदलावेत. झिजलेल्या कार्बनवर दामटत राहिलं तर आर्मेचर जळतं, आणि त्याचा खर्च नव्या मशीनच्या किमतीकडे जाऊ लागतो. भाड्यानं फिरणाऱ्या मशीनचं हे असंच होतं, कारण चालवणारा एक आणि कार्बनचे पैसे देणारा दुसरा.

आता विजेचं. ही मशीनं दुहेरी इन्सुलेशनची असतात, त्यांना अर्थिंगची तार नसते. तरीही प्लग तोडून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचण्याची जी पद्धत साइटवर दिसते, ती जिवावरची आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच मशीन चालवावं. एक्स्टेंशनची तार जाड असावी आणि पूर्ण उलगडलेली असावी, गुंडाळलेली तार तापते. भिंतीत बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत तारा असणार हे धरूनच चालायचं. त्या खोलीचा एमसीबी बंद करून दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी. आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही की मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते.

महाराष्ट्रातल्या काँक्रीटमध्ये खडी बहुतेक काळ्या पाषाणाची असते. बिट तिच्यावर आलं की पुढे सरकायला वेळ घेतं, पण सरकतं. सळईवर आलं तर थांबतं, आवाज बदलतो, कधी अडकून मशीनच हातात गरकन फिरतं. क्लच कडकड करून सुटतो तो मनगट वाचवण्यासाठी. त्या क्षणी बटण सोडायचं. बाजूचा दांडा न लावता काम करणारे कारागीर मला रोज दिसतात आणि शिडीवर बटण लॉक करणारेही. या दोन सवयींपुढे बाकीची सगळी काळजी वाया जाते. सळई लागली तर भोकाची जागा बदलावी. कॉलम-बीममधली सळई कापून काम पुढे रेटणं म्हणजे इमारतीचं बळ कापणं.

सर्वांत कमी बोललं जातं ते धुळीबद्दल. काँक्रीट आणि टाइल्सच्या चुऱ्यात सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते फुप्फुसात रुतून बसतात आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर पूर्ण बरा करणारा इलाज नाही. कारखान्यात हा आजार झाला तर तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण फ्लॅटमध्ये पडद्याचा रॉड बसवायला येणारा मुलगा कोणत्याच कारखान्यात नसतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. गिट्टी ठोकण्याआधी भोकात तोंडानं फुंकर मारायची सवय तर धूळ थेट नाकाडोळ्यांत आणते.

हादऱ्यांचंही तसंच. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला हातावरच्या कंपनांची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. मशीनची कंपनं १० असतील तर ही मर्यादा दोन तासांत संपते. दिवसभर झिरी मारणाऱ्याची बोटं वर्षांनी बधिर, पांढरी पडतात, ती यामुळेच.

म्हणून तुमच्या घरी उद्या कुणी ड्रिल घेऊन येईल तेव्हा एवढं करा: वायरिंग आणि नळ कुठून गेलेत ते दाखवा, इन्व्हर्टर बंद करा, आरसीसीबीचा बोर्ड द्या, एन९५ मास्क आणि चष्मा हातात ठेवा, भोकाखाली व्हॅक्यूम क्लीनरची नळी स्वतः धरा. आणि घाई करू नका.